हवेशीर जागा

आमच्या साहेबांना अचानक निसर्गप्रेमाचं भरतं आलं. मातीशिवाय, नुसत्या हवेवर जगणारी झाडं आणून त्यांनी ती स्टँडसकट माझ्या टेबलाशेजारी मांडली. माझा कोपरा स्टोअररूमला लागून; तिथे खिडकी नाही, पंख्याचा वाराही पोचत नाही. जागा बदलून द्या म्हणून मी वर्षभर खोकत खोकत त्यांच्या मागे लागलोय, आणि "माणसाने जरा जुळवून घ्यायला शिकावं," हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

झाडं पाण्यात बुडवायची, मग उलटी धरून निथळवायची, हे कामही माझ्याच गळ्यात पडलं. मी ते इमानेइतबारे केलं, तरी महिन्याभरात त्यांची बुडं कुजायला लागली.

साहेब धावत आले. एक झाड तळहातावर घेऊन हळहळले आणि माझ्यावर उखडले, "अक्कल आहे का? ना उजेड, ना वारा! अशा कोंदट जागेत कुणाचा जीव टिकेल?"

लगेच सगळी झाडं, स्टँडसकट, त्यांच्या केबिनच्या खिडकीत गेली. मोकळ्या झालेल्या जागेवरून नजर फिरवत साहेब खुशीत म्हणाले,

"इथे अजून एक टेबल आरामात बसेल."