कातळाईचा चिमटा

मष्णूचं पोट त्या चिमट्यातनं जाणार न्हाय, हे राजाबाईला लांबनंच दिसत हुतं.

चिमटा म्हंजे कातळाईच्या देवळामागं उभ्या दोन शिळा. मधी वीत-दीड वीत जागा. पुण्यवान माणूस अंग आडवं करून पलीकडं निघतंय, पाप्याला देवी तिथंच धरून ठेवती. बेळगावाकडनं गोव्याला जाणाऱ्या गाड्या इथं थांबतात त्या ह्याच गोष्टीपायी. माणसं शिरतात, हसतात, फोटो काढतात. आज मात्र कोण हसत नव्हतं. देवीची सोन्याची नथ गेल्ती, आन गाभाऱ्याची चावी दोन दिवस आचारी मष्णूकडं हुती.

"आडकला की पोलिसात," देवस्थान कमिटीचे मारुतीराव म्हणले. "निघाला तर मी सोता पाया धरतो त्याच्या."

"लवकर आटपा काका, ऊन वाढालंय," त्यांचा पुतण्या सूरज म्हणला. सूरज काडीपैलवान. सकाळपासनं मष्णूचं नाव त्यानंच लावून धरल्तं.

मष्णूनं शर्ट काढला. पंचवीस वर्सं महाप्रसादाची चव बघून वाढलेलं पोट दोन्ही हातांनी आत ओढलं. इलुसं बी गेलं न्हाय.

"मावशे," तो हळूच म्हणला, "मी न्हाय घेतली गं."

"मला ठाव हाय रं."

राजाबाई नारळाच्या दुकानातनं उठली आन शिळांपुढं जाऊन आडवी उभी ऱ्हायली.

"थांबा. ही गोष्ट खोटी हाय. मीच रचल्ती. गाड्या थांबाव्यात, नारळ खपावेत म्हणून. पस्तीस वर्सं झाली त्याला."

आता मात्र माणसं हसली.

"भाच्यासाठी म्हातारी काय बी सांगालीया!"

"आक्का, बोर्ड वाच की जरा," मारुतीराव म्हणले. बोर्डावर कन्नडात आन मराठीत, पिवळ्या रंगानं लिवल्तं: पांडवकालीन.

"माझं ऐकूनच लिवलासा की त्यो!"

"आन त्यो सावकार?" मागनं आण्णाप्पा वरडला. "तीन दिस आडकून बसल्ता त्यो? माझ्या आज्ज्यानं सोताच्या डोळ्यांनी बघितल्ता."

"त्यो सावकार बी माझाच रं बाबा!"

कोण ऐकंना. कणकुंबीच्या रानात तिनं वाघाला ताक पाजलं, ही तिची गोष्ट ह्याच माणसांनी मान डोलवून ऐकल्ती. वाघानं मिशा पुसल्या, ते बी. आन आता दोघांनी मष्णूचे दंड धरले, आन त्याला शिळांकडं ढकलाय लागले.

राजाबाईनं पदर खोचला. त्यांच्या आधी चिमट्याच्या तोंडाशी जाऊन खणखणीत वरडली, "कातळाई, ऐक गं! मी जन्मात एक बी खोटा शब्द बोललेली न्हाय!"

आन आत शिरली. एवढं मोठं खोटं बोलून म्हातारी बाहीर पडली, की ह्यांना कळंल, ही नुस्ती दगडं हाईत.

आत गार हुतं. पाठीला दगड, छातीला दगड. तीन पावलं गेली आन मागनं लुगडं कशानं तरी धरलं. तिनं ओढलं. येईना. परत ओढलं. छातीत श्वास मावंना. कपाळावरनं घाम डोळ्यात उतरला, तर पुसायला हात वर होईना.

"आगं, मी गमतीनं म्हणत हुते की," ती दगडाला म्हणली. "सोड की बाई."

टर्रकन आवाज झाला. लुगड्याचा काठ आत ठेवून राजाबाई पलीकडं उन्हात जाऊन पडली.

गुडघं झाडत उठली. "बघितलासा न्हवं? आता तरी पटलं का..."

शिळांना वळसा घालून आलेल्या समद्यांनी समोर हात जोडलेले. मष्णूचे दंड सुटल्ते. मारुतीराव वाकून तिच्या पायाला लागले.

"चुकलं आक्का. देवीनं दाखवलं, तू जन्मात खोटं बोलली न्हाईस. मष्णूनं घेतली न्हाय म्हणतीस, तर न्हाय घेतली. मग आता तूच सांग, कुणी नेली?"

राजाबाईनं एक-एक तोंड बघितलं. आता जे नाव तिच्या तोंडातनं पडंल, त्या माणसाचं आज काय खरं न्हाय. आन तिला तर नाव ठावच नव्हतं.

"कुणी कशाला नेईल?" ती म्हणली. "देवीच गेलीया. कणकुंबीला, थोरल्या भैनीकडं. आन भैनीकडं जाताना बाईमाणूस बिननथीचं जाईल व्हय? मंगळवारी माघारी येणार. तवर गाभाऱ्याला कुलूप लावू नका. राखण बी नको. ती एकटी येती. कुणी बघाय बसलं, तर दारातनं परत फिरती."

"व्हय आक्का," मारुतीराव म्हणले.

समद्यांनी देवळाकडं तोंड केलं आन हात जोडले. सूरजचा एकच हात कपाळाला गेला. दुसरा पँटीच्या खिशातनं बाहीर आला न्हाय.