हाकेवरची घोडी

"थांब," रघुवीर म्हणाला, आणि शेवंती थांबली.

तो तिच्या मागे दहा पावलांवर होता. हातातल्या लगामाच्या लांब चामडी वाद्या इतक्या सैल होत्या की मध्यावर मातीला टेकत होत्या. घोडीच्या डोळ्यांच्या कडेला झापडं बांधलेली. तिला दिसायची ती फक्त समोरची वाट. मागचा माणूस नाही की त्याचा हात नाही.

"चल."

शेवंती चालू लागली.

"हळू."

तिची पावलं आवरती झाली.

तबेल्याचे मालक वसंतराव कठड्याला टेकून बघत होते. "हे कालपर्यंत जमत नव्हतं ना रे?"

"नाही. 'हळू' म्हटलं की नऊ दिवस नुसती उभी राहायची. आज बाहेर काढली ती शिकूनच आली."

"कुणाकडे शिकवणी लावलीस की काय?" वसंतराव हसले. रघुवीरही हसला.

परळच्या गिरणीमागच्या त्या गल्लीत तीन तबेले होते. बाकी दोन्हींत नवं जनावर जड गाडीला जुंपायचे आणि घामाने निथळेपर्यंत चाबकाने फोडायचे. वसंतरावांकडे घोडी तयार करणाऱ्या गणपतकाकांनी हा प्रकार आपल्या तबेल्यात कधी होऊ दिला नाही. आधी तोंडाला नुसती दोरीची मोहरकी घालून चालवायचं. अंगावरून गोणपाट फिरवायचं, दचकलं तर थांबायचं, पुन्हा फिरवायचं. पाय उचलून हातात धरायचे, तान्ह्या मुलाचे धरावेत तसे. मग लांब वाद्या. गाडी सगळ्यात शेवटी. आणि एक नियम: आधी आवाज, मग वादी. आवाजाने भागलं तर वादी हलवायची नाही.

शेवंतीला काकांनी पाच आठवडे हाताळली होती. जानेवारीत मुंबईच्या प्रश्नावर गोळीबार सुरू झाला, त्या दुपारी ते घोड्यांसाठी गवत बघायला नाक्यावर गेले. त्यांना चौघांनी उचलून आणलं. सत्तरीचा माणूस, अंगाला घोड्यांचाच वास होता.

रघुवीर अकरा वर्षं त्यांच्या हाताखाली होता, पण एकट्याने एकही शिंगरू तयार केलेलं नव्हतं. वसंतरावांनी स्पष्टच सांगितलं. अक्षयतृतीयेनंतर जनावरांचे डॉक्टर येतील. त्यांनी पास केली तर शेवंती व्हिक्टोरिया गाडीला जुंपायची. नाहीतर कुर्ल्याच्या दगडखाणीवर. खाणीवर गेलेलं घोडं दोन वर्षं काढत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"आणि मग पुढचं शिंगरू तुझ्या हाती देणार नाही मी. राग मानू नको."

रघुवीरने मान हलवली. त्या दिवसापासून त्याचं जेवणावरून लक्ष उडालं.

काकांच्या मागे राहिलेल्या राधाबाई रोज सकाळी चाळीतून खाली उतरून कठड्याशी येत. पुडीत गुळाचा खडा. शेवंती समोरून जायला लागली की त्या डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेत आणि खाली बघत. धूळ उडते म्हणून असेल, असं रघुवीरला वाटे.

"ह्यांना घाई चालत नाही हं, रघू," त्या एकदा म्हणाल्या.

"मी कुठे घाई करतोय, काकी?"

"तू नाही रे. मी आपली सांगून ठेवते."

त्यांचं 'चालत नाही' रघुवीरने 'चालत नसे' असं सुधारलं नाही. चार महिने तर झालेले. माणूस इतक्यात जात नाही बाईच्या बोलण्यातून.

शेवंतीच्या एक-दोन खोडी होत्या. मैदानाच्या टोकाला भिंत आली की ती अलीकडेच थांबे आणि मान खाली घालून कपाळ पुढे करी, कुणी खाजवावं म्हणून. तिथे कुणी नसे. थोड्या वेळाने समाधान झाल्यासारखी फुरफुरून वळे. आणि तिचे कान. मागून हाकणाऱ्याकडे घोड्याचा एक तरी कान वळलेला असतो. हिचे दोन्ही सदा पुढे. रघुवीरला त्याचा अभिमानच वाटायचा. इतकं एकचित्त जनावर त्याने पाहिलं नव्हतं.

चैत्रात गल्लीतून मोर्चा गेला. पत्र्याचे डबे, थाळ्या, 'झालाच पाहिजे'च्या घोषणा. तबेल्यातली बाकीची घोडी लाथा झाडू लागली, एकाने दावं तोडलं. शेवंती गवत चघळत उभी. कानसुद्धा हलला नाही.

"गुरूच्या वर गेलास रे," वसंतराव म्हणाले. त्या दिवशी रघुवीर दोन भाकऱ्या जास्त जेवला.

डॉक्टर ठरल्या दिवशी आले. नवेच होते, नागपूरकडचे. गल्लीत कुणाला ओळखत नव्हते. फाटकात उभे राहून त्यांनी अर्धा तास न बोलता काम बघितलं. चल. हळू. थांब. वळ. एकदाही वादी ताणली गेली नाही.

मग त्यांनी दात बघितले, खूर बघितले, डोळ्यांपुढे बोट फिरवलं. घोडीच्या मागे जाऊन घंटा वाजवली. कानाजवळ टाळ्या वाजवल्या. शेवटी पाण्याची बादली उपडी करून काठीने बडवली. रघुवीरने कानांवर हात ठेवले. शेवंती शेपटीने माश्या वारत होती.

"ठार बहिरी आहे," डॉक्टर म्हणाले. "जन्मापासूनच असावी."

वसंतरावांनी रघुवीरकडे बघितलं.

"असं कसं, साहेब?" रघुवीर पुढे झाला. "माझ्या हाकेवर चालते ती. तुम्ही आत्ता बघितलंत."

"तुमच्या हाकेवर नाही. पण घाबरू नका, शहाणी आहे, मी पास करतो." त्यांनी कागद गुडघ्यावर ठेवून पेनाचं टोपण काढलं. "एकच अट. तिच्यापुढे उलट्या पावलांनी चालत, तुमच्या प्रत्येक शब्दाला हाताने खूण करतात ना ते म्हातारे, गाडी रस्त्यावर निघाल्यावरही ते रोज पुढे हवेत."