तांब्याभर पाणी

लातूर नवा जिल्हा झाला, पण वस्तीवर पाण्याचा टँकर काही वेळेवर आला नाही. अशात नागुबाईच्या तान्ह्या नातीची बेंबी चिघळली, म्हणून नर्सबाई रत्नम्मा घरी आली. भिंतीवरची बुद्धाची तसबीर तिनं पाहिली आणि लगेच हात धुवायला पाणी मागितलं. नागुबाईच्या मनात पाल चुकचुकली.

"प्यायला घोटभर न्हाई, बाई. हात कशाला धुवायलाव?"

"धुतल्याशिवाय लेकराला हात लावणार नाही, मावशी."

शेवटी लिंगायत वाण्याचीच लेक, असं मनाशी म्हणत नागुबाईनं पाणी ओतलं. बेंबी पुसून, औषध लावून रत्नम्मा निघाली, तेव्हा नागुबाईनं मुद्दाम तांब्या पुढं केला.

"घ्या, धुवा आता."

"आता राहू द्या. तुम्हालाच लागेल."

नागुबाईनं तांब्या माघारी घेतला.

"आमाला शिवल्यावर हात धुणारे लई पाह्यले, बाई. शिवायच्या आदी धुणारी तुमीच पहिली."