शिंकणारी सून हवी

बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर केतकी पोहे घेऊन आली, तेवढ्यात आईनेच तिच्या तोंडाशी जुनी सतरंजी झटकली. केतकीला लागोपाठ सात शिंका आल्या.

मुलाची आई हरखली. "अशी ॲलर्जी हल्ली मिळत नाही हो, विहीणबाई! आमची सांधेदुखीवरची औषधी बुरशी अशाच नाकात जोमाने वाढते. पहिलं पीक तुमच्या गुडघ्यांना!"

"मला काही होणार नाही ना?" केतकीने विचारलं.

"अगं, शंभर टक्के नैसर्गिक! आमच्या थोरल्या सूनबाईंना विचार, चार वर्षं पीक देताहेत."

केतकीने सासूशेजारी बसलेल्या थोरलीपुढे बशी धरली. थोरलीचे डोळे उघडेच होते, पण तिचा हात बशीच्या वीतभर बाजूला चाचपडत राहिला.

केतकीने आईकडे पाहिलं. आईनेही ते पाहिलं होतं.

गुडघे चोळत आई म्हणाली, "मग मुहूर्त कधीचा धरायचा?"