हिरवळीवरचे खड्डे

कानात पुन्हा आवाज आला. खणखणीत, एका सुरात. धाकट्यानं मशीनची तबकडी जागीच थांबवली, खुरप्यानं गवत उचकटलं आणि माती बोटांनी चाचपली. मुळं, खडे, एक गांडूळ. बांगडी नाही.

"अरे, बांगडी शोधतोयस की विहीर खणतोयस?" थोरला व्हरांड्यातून ओरडला. त्याच्या हातात मोबाइल होता. जेवणाच्या वेळेपर्यंत बांगडी मिळाली नाही तर पोलिसांना फोन करायचा, असं त्यानं सकाळीच जाहीर केलं होतं.

मावशी फाटकापाशी पिशवी घेऊन उभ्या होत्या. आईचे पाय गेल्यापासून तिचं सगळं त्याच करत. अंघोळ, भरवणं, चाकाच्या खुर्चीतून बागेतली फेरी. परवा आईच्या हातातली सोन्याची बांगडी गेली. तिच्याजवळ दुसरं कोण असायचं? थोरल्यानं मावशींना बसा म्हटलं नव्हतं आणि जाऊही दिलं नव्हतं.

"साहेब, एकदा पोलिसात नाव गेलं की मला कोण घरात घेणार?" एवढंच त्या म्हणाल्या होत्या.

संशय प्रथम वहिनींनी बोलून दाखवला होता. आईला हल्ली मावशींशिवाय कुणाचा हात लागलेला चालत नाही, डोक्यावर चढवून ठेवलंय, म्हणून हे दिवस आले, असं त्या म्हणाल्या होत्या. पण पोलिसांचं नाव निघताच त्याच आडव्या आल्या. बांगडी सैल झाली होती, फेरी मारताना गळून पडली असेल, एकदा बाग तरी बघू या, असा त्यांनी हट्ट धरला. जमिनीतलं सोनं शोधायची मशिनं भाड्यानं मिळतात, हेही त्यांनीच शोधून काढलं.

धाकट्यानं दोन मेटल डिटेक्टर आणले. सोबत दोन ब्लूटूथ हेडफोन, दोन्ही काळे, दोन्ही सारखे. हिरवळ त्यानं घेतली, फुलझाडांचे वाफे वहिनींनी. दुकानदारानं एक गोष्ट बजावली होती. बिनवायरीचा आवाज किंचित उशिरा पोचतो, तोवर तबकडी पुढे गेलेली असते, तेव्हा मागच्या जागी बघा. त्यामुळे धाकटा वीतभर मागे खणत होता. मग पुढे. मग बाजूला. कुठंच काही नव्हतं. बुटाच्या टाचेतले खिळे वाजत असतील म्हणून त्यानं बूट काढले आणि अनवाणी खणायला सुरुवात केली. आवाज येतच राहिला.

आता त्यानं मशीन गवतावर आडवं ठेवलं. आवाज आला. मशीन बंद केलं. आवाज आला.

त्यानं मान वर केली. पलीकडे वहिनी गुलाबाच्या वाफ्यात उभ्या होत्या. त्यांची तबकडी डावीकडे गेली, की त्याच्या कानात आवाज. उजवीकडे गेली, पुन्हा आवाज. वहिनींच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या. त्यांनी मशीन झटकलं, हेडफोन दाबून घट्ट बसवला आणि तबकडी परत त्याच झाडाच्या बुंध्याशी फिरवली. धाकट्याच्या कानठळ्या बसायची वेळ आली.

"वहिनी, हलू नका!" तो ओरडला आणि अनवाणीच पळत सुटला.

खणता खणता त्याचा हात मनगटापर्यंत मातीत गेला आणि खुरपं कशाला तरी अडलं. त्यानं चिखल पुसून बांगडी वर धरली. थोरला पायऱ्या उतरून धावत आला.

"एवढी खोल कशी गेली?" त्यानं विचारलं आणि उत्तरही त्यानंच दिलं. "माळ्यानं वरून माती टाकली असणार." मग मोबाइल खिशात घालून तो फाटकाकडे वळला. "मावशी, चुकलं माझं. पिशवी आत ठेवा. आई मघापासून तुम्हालाच हाका मारतेय."

मावशी पिशवी घेऊन पायऱ्यांपर्यंत आल्या. वहिनींनी त्यांना हात धरून पायरीवर बसवलं, स्वतः जाऊन पाणी आणलं आणि त्यांच्या शेजारी बसून रडू लागल्या.

रडारड धाकट्याला सोसवेना. त्यानं हेडफोन काढून नाचवला.

"अहो, आधी गंमत तर ऐका! आपले हेडफोन बदलले होते. वहिनींच्या मशीनचा आवाज माझ्या कानात, माझ्या मशीनचा त्यांच्या. म्हणून मी आपला घुशीसारखा हिरवळ उकरतोय आणि बांगडीवर उभं राहून वहिनींच्या कानात चिडीचूप!"

थोरला खदाखदा हसला. मावशींनाही हसू फुटलं. वहिनींना तर हसू आवरेना, डोळ्यांतलं पाणी अजून वाळलं नव्हतं.

"तरीच, भावजी!" त्या गाल पुसत म्हणाल्या. "मी मघापासून बरोबर बांगडीवर धरतेय, तरी मेलं वाजेचना. मला वाटलं, मशीनच बिघडलंय."

सगळ्यांत आधी मावशींचं हसणं थांबलं.