देवाचं बंडल

आमच्या कारखान्यात ठिबकच्या नळ्या होतात. दोन जातींचे प्लॅस्टिकचे दाणे एकत्र वितळवायचे. मशीन सावकाश चालवलं तर ते एकजीव होतात. पळवलं तर नळी वरून नुसती चकाकते आणि आतून पापुद्रे सुटतात. काल तसले पापुद्रे नखानं सोलून मी मालकांपुढं धरले. विरेशअण्णा म्हणाले, "दाणे तेच, माप तेच. पळवल्यानं काय बिघडतंय? चालव गपचूप."

आज ते कपाळाला भंडारा लावून आले. हंगामातलं पहिलं बंडल अणदूरच्या खंडोबाला जातं, देवळाच्या बागेसाठी. मशीनपाशी येऊन म्हणाले, "शंभू, देवाचं बंडल हाय. एकदम सावकाश चालव."

म्हणजे या माणसाला सारं ठाऊक होतं! शिसारीच आली. तरी वाटलं, निदान देवाला तरी भितोय.

बंडल उतरलं. अण्णांनी त्यावर भंडारा उधळला, डोळे मिटून हात जोडले. मग त्यातलीच दोन हात नळी कापून माझ्याकडं दिली.

"भंडारा पुसून टाक, अन् हा नमुना तपासणीला धाड. आता पळव मशीन."