समासातलं नाव

बेलापूरच्या आमच्या वाचनालयात माझं खोडरबर बदनाम आहे. परत आलेलं प्रत्येक पुस्तक मी चाळते आणि वाचकांनी पेन्सिलीने लिहिलेलं सगळं पुसून टाकते. आज कोंडीराम काकांनी बहात्तरच्या दुष्काळावरची कादंबरी परत केली. तिच्या समासात एकच शब्द होता, 'साळूबाई'. "काका, पुस्तकात लिहायचं नसतं, किती वेळा सांगू?" मी चिडले. ते ओशाळले. "द्या रबर, मीच पुसतो." तेवढ्यात मी शेजारचा मजकूर वाचला. दुष्काळी कामावर तलाव खोदताना दरड कोसळते आणि एक मजूर बाई गाडली जाते. लेखकाने तिला नाव दिलं नव्हतं. "अहो, ही गोष्ट आहे. खरी बाई नाही." "ठाव हाय की. पन माझी आई अशीच गेली, पाथर्डीकडच्या तळ्यावर. चुलती बाळंतीन हुती, म्हनून आई तिच्या बदली कामावर गेल्ती. हजेरीला नाव चुलतीचं. सरकारी कागदावर चुलती मेली, आन् ती तर आजबी जित्ती हाय. आईचं नाव कुठंच लागलं न्हाई." काका सावकाश रबर घासू लागले. 'साळू' गेलं, नुसतं 'बाई' उरलं. मला राहवेना. मी त्यांच्या हातातलं रबर काढून घेतलं आणि टेबलावरचं पेन पुढे केलं. "शाईने लिहा, काका. आडनावासकट."